गादीसमोरची सतरंजी

अच्युतबुवा देवळाच्या अंगणात नारदाच्या गादीवर उभे राहिले, पण चिपळ्या वाजवीनात. समोर सोफ्यावर चीनहून आलेले एक नेते आणि आपले मंत्री बसले होते.

"कीर्तनात उंच आसन नसतं. सगळे सतरंजीवर," बुवा म्हणाले.

देवस्थानचे अध्यक्ष कानाशी लागले. "अहो बुवा, मंत्र्यांचं बिनसलं तर निधी अडेल, आपला सभामंडप अर्धवट राहील!"

"राहू दे. कीर्तन उन्हातही होतं." बुवा दुभाषी मुलीकडे वळले. "पाहुण्यांना विचार बाळ, आत्ताच भाषणात म्हणालात ना, लहानमोठे देश एका पातळीवर बसले तरच मैत्री, तरच विकास? मग या खाली."

तिनं भीतभीत सांगितलं.  नेते उठले आणि गुडघा कुरकुरत असतानाही सतरंजीवर मांडी घालून बसले.

चिपळ्या अजून गप्पच होत्या.

"मंत्रीसाहेब," बुवा हसून म्हणाले, "आपणच तेवढे राहिलात. देव खोळंबलाय."