घोडीवरचा जास्तीचा हात

मिरजेच्या दस्तगीरचाचांनी तंबोऱ्याची तार छेडली आणि भिंतीवरच्या यंत्राकडे भीतभीतच पाहिलं. माणसाच्या मनातला सूर आणि हातून निघालेला सूर यांत किती कसर उरली, ते यंत्र अचूक सांगे. साठ वर्षं तारांखालची घोडी घासघासून चाचांनी ती कसर कमी करत आणली होती.

आज शून्य.

चाचांची नजर खिडकीतून शेजारच्या ओसरीकडे गेली. मूर्तिकार शिवलिंगअण्णा, त्यांच्या यंत्रावर मनातली मूर्ती आणि घडलेली मूर्ती यांतली कसर शून्य झाल्यापासून, तिथं नुसते बसून असत. पुढ्यातलं ताटही त्यांना दिसत नसे.

चाचांची मुलगी शमीम चहा घेऊन जिना चढत होती. चाचांनी घाईघाईनं कानस उचलली, घोडीवर एक हात जास्तीचा मारला आणि तार पुन्हा छेडली. आकडा हलला.

“अब्बा, किती राहिलं?” तिनं दारातूनच विचारलं.

“आहे अजून,” कपाळावरचा घाम पुसत चाचा म्हणाले. “उद्या बघू.”