नाव विचारलं जाणार नाही

शिवकांताबाईंनी ती उत्तरं तिसऱ्यांदा वाचली.

झोप किती तास? दोन. जेवण जातं का? नाही. घरी मन मोकळं करता का? नाही. परीक्षेची भीती वाटते का? आता नाही. शेवटच्या चौकटीत एवढंच होतं, ‘जगावं वाटत नाही. कुणाला सांगू नका.’

लातूरच्या त्या क्लासमध्ये बाई मुलांचं समुपदेशन करायच्या. फॉर्म त्यांनीच तयार केला होता. वर ठळक लिहिलं होतं, ‘तुमचं नाव विचारलं जाणार नाही.’ हॉलमध्ये उभं राहून त्यांनी तसा शब्दही दिला होता.

बाई मुनीबकडे गेल्या. कॉम्प्युटरचं काम बघायला तो जूनमध्येच लागला होता.

“हे कुणी लिहिलं, कळेल का?”

मुनीबनं मान खाली घातली. “कळेल, मॅडम. सरांनी यादीतल्या प्रत्येक नंबरला वेगळी लिंक पाठवायला लावली. फॉर्म कुणी भरला नाही ते समजावं म्हणून.”

सर म्हणजे क्लासचे मालक महादेवप्पा. बाईंनी शब्द द्यायच्या आधीच तो मोडून ठेवलेला होता. बाईंना संताप आला आणि पाठोपाठ स्वतःची लाज वाटली. कारण आज त्यांना तेच हवं होतं.

“कधी आलंय हे?”

“आज सकाळी. साडेदहाला.”

आज मंगळवार. मुलांचे मोबाइल हॉस्टेलच्या कपाटात कुलूपबंद असायचे, रविवारी दोन तास मिळायचे, तेव्हाच सगळ्यांनी फॉर्म भरला होता. म्हणजे कुणीतरी चोरून मोबाइल ठेवला होता, क्लास बुडवून खोलीत एकटं बसलं होतं.

“नाव पण आहे इथं. सांगू?” मुनीब म्हणाला.

गेल्या वर्षी गीतांजली नावाची मुलगी अशीच त्यांच्यासमोर बसून रडली होती. “मॅडम, बाबांना कळू देऊ नका,” म्हणाली होती. बाई रोज तिच्याशी बोलल्या, पण घरी कळवलं नाही. मार्चमध्ये गीतांजलीनं जीव दिला. हदगावहून बाप आला, तिची पुस्तकं, कपडे, मोबाइल, सगळं पोत्यात भरून घेऊन गेला. त्यानं बाईंना एका शब्दानं काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं त्यांना अजून वाटायचं.

“नाव नको. नंबर तेवढा दे.”

दुधाची तहान ताकावर. दिलेला शब्द अर्धा तरी राहावा, एवढंच.

नंबर लावला. दोनदा रिंग जाऊन बंद झाली. तिसऱ्यांदा कुणीतरी उचलला, पण बोललं नाही. नुसता श्वास ऐकू येत होता. श्वास आहे म्हणून बाईंच्या जिवात जीव आला.

“बाळा, मी शिवकांता मॅडम. रागावणार नाही मी. मोबाइल कुठून आणला तेही विचारणार नाही. तू कुठं आहेस तेवढं सांग, मी येते.”

बाईंनी फोन कानाशी घट्ट धरला.

“ठेवू नको हं फोन. ऐक. तू लिहिलंस कुणाला सांगू नका. पण मी तुझ्या घरी कळवणार आहे. गेल्या वर्षी एका पोरीनं मला असंच विनवलं, बाबांना सांगू नका म्हणून. मी ऐकलं तिचं. गप्प बसले. मार्चमध्ये ती गेली. मी एक फोन केला असता तर तिचा बाप धावत आला असता. पुन्हा नाही मी गप्प बसायची.”

पलीकडे श्वास अडखळला. मग एका उतारवयाच्या माणसाचा आवाज आला, सावकाश, शब्द चाचपडत.

“म्याडम, हदगावहून व्यंकटी बोलून राहिलो. पोरीचा मोबाइल मी रोज चार्ज करून ठिवतो. रविवारी त्याच्यावर तुमचा फारम आला. जेवण जातं का, झोप लागती का, असं कुणी ईचारलंच न्हवतं मला, म्हणून आज सकाळी भरला.”

बाईंनी मुनीबच्या स्क्रीनवरचं नाव आता वाचलं.

“म्याडम,” तो म्हणाला, “माझ्या गीतांजलीनं तुमाला सांगितलं व्हतं?”