टिल्लूचं सामान

टिल्लूची आई आज पाळणाघरात रिकामी पिशवी घेऊनच आली. ती पाहूनच मावशी समजल्या की आता मनधरणीत काही अर्थ नाही.

"बस गं. चहा टाकते."

"नको मावशी. सामान तेवढं द्या."

टिल्लू नेहमीसारखा मावशींच्या कडेवर होता. आईला पाहून त्याने खाली उतरायला पाय झाडले, मावशींचा कान ओढला. मावशींनी त्याला आणखीच आवळून धरलं आणि दोन पावलं पुढे होऊन थेट आईच्या हातात दिलं.

"हेच ते," आई म्हणाली. "दीड वर्षाचा होऊन गेला. बरोबरीची पोरं गल्लीभर धुडगूस घालतात. आणि हा, कधीही या, तुमच्या कडेवर. जमिनीला पाय लागला तर चालेल ना तो."

मावशींनी ऐकून घेतलं. एरवी त्या ऐकून घेणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांच्या तोंडाच्या पट्ट्यापुढे दूधवालासुद्धा टिकत नसे.

"घरी फरशीवर सोड त्याला," त्या म्हणाल्या. "मागेही म्हटलं होतं. समोर बसायचं, दोन्ही हात पुढे करायचे, आणि थांबायचं."

"सगळं करून झालं. घरी आला की गळ्यातून उतरतच नाही. सवयच तशी लागलीय. डॉक्टर म्हणतात, वाट बघा. कामावर बसते, पण सगळा जीव याच्या पायांत अडकलेला. शेवटी मोठी रजा टाकली. आता मीच बघते."

मावशींनी सामान काढलं. दोन कानांचा कप, धुऊन मऊ पडलेलं दुपटं, कपड्यांचे दोन जोड, चावून चावून चोथा झालेला कापडी ससा. कप एकदा धुतलेला होता, तो त्यांनी पुन्हा धुतला. घर लहानसंच, बाहेरच्या खोलीतच पाळणाघर. टेबलाच्या कोपऱ्यांना मावशींच्या यजमानांनी, म्हणजे मुलांच्या काकांनी, जुन्या गादीचे तुकडे चिकटवले होते. ते दिसत वेडेविद्रे, पण होते भक्कम.

"याच्या गुडघ्याला काय झालं?"

"खरचटलं जरा."

"कशाने?"

"मुलं आहेत. लागायचंच."

न चालणाऱ्या पोरालाही यांच्या घरात लागतं, हे आईच्या चेहऱ्यावर स्पष्ट वाचता येत होतं.

पाळणाघरात आता उरली होती ती चार वर्षांची ठमाकाकू. खरं नाव दुसरं, पण सगळ्या जगाची काळजी वाहायची म्हणून हे नाव पडलेलं. ती पिशवीत डोकं घालून सगळं तपासत होती.

"मावशी, याचं पीं-पीं राहिलं," तिने कपाटाच्या माथ्याकडे बोट दाखवलं.

"ते इथलंच आहे," मावशी म्हणाल्या आणि तिच्या हातात बिस्किट दिलं. ठमाकाकूला गप्प करायला दुसरा इलाज नव्हता.

दारात टिल्लूने आईच्या खांद्यावरून दोन्ही हात मावशींकडे टाकले. मावशींनी आपले हात पदराला पुसले. ओले नव्हते, तरी पुसत राहिल्या. जिना उतरेपर्यंत त्याचं रडणं ऐकू येत होतं.

त्या टिल्लूच्या आईवर रागावू शकत नव्हत्या. त्यांची स्वतःची मुलगी शेजारणीकडे वाढली होती. मावशी तेव्हा कारखान्यात शिलाईला जात. दात आला, हसली, पडली, सगळ्या बातम्या दारात चपला काढता काढता शेजारणीच्या तोंडून कळायच्या. शेजारीण बिचारी हौसेने सांगायची. मावशी हसून ऐकायच्या आणि मोरीत जाऊन नळ सोडून रडायच्या. आपण आई आहोत की पाहुणी, तेच त्यांना कळेनासं व्हायचं.

काका आतून आले.

"अजूनही सांग तिला. जिन्यातच असेल."

"काय सांगू?"

"जे आहे ते. एका वाक्याचं काम आहे. पोर परत येईल तुझ्याकडे."

"नको."

"अगं, तिच्या डोळ्यांत तू वाईट ठरलीस."

"ठरू दे," मावशी म्हणाल्या आणि केर काढायला लागल्या. सकाळी काढलेलाच होता.

दुसऱ्या दिवशी ठमाकाकूला जेवायला वाढत असताना फोन आला.

"मावशी, चालला," टिल्लूची आई एका दमात म्हणाली. "आत्ता. दारापासून माझ्यापर्यंत, हात न धरता. मी नुसती समोर बसले होते."

मावशी भिंतीला टेकल्या. "तू पाहिलंस?"

"मीच तर. घरात दुसरं होतंच कोण? पहिलं पाऊल माझ्याकडे टाकलं हो त्याने." ती रडत होती की हसत होती, तिलाच कळत नसावं. मग सूर जरा कडक झाला. "एका दिवसात, मावशी. राग मानू नका, पण ठमाकाकूच्या आईलाही मी सांगणार आहे. मुलांना असं कडेवर अडकवून ठेवू नये."

"खरं आहे गं," मावशी म्हणाल्या. "चुकलंच माझं."

फोन ठेवून त्यांनी डोळे पुसले, स्टूल ओढलं आणि कपाटाच्या माथ्यावर हात घातला. रोज संध्याकाळी टिल्लूची आई यायच्या आत त्या तिथे लपवत असलेले, काकांनी टिल्लूला आणलेले लाल बूट त्यांनी खाली काढले. दोन्हींच्या टाचा झिजल्या होत्या, आणि डाव्याचं पीं-पीं तर घरभर पळून पळून केव्हाच बसलं होतं.