पूर्ण नाव सांगा

ॲपची कंपनी काढलेल्या एका बाईचं भाषण ऐकून नागपूरच्या प्रणालीनं नोकरी सोडली आणि खाप्याच्या विणकर बायकांसाठी बोलून चालणारं ॲप बनवलं. "बायकांची अडचण बाईलाच कळते," हे त्या भाषणातलं वाक्य तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. पण ॲपनं "तुमचं पूर्ण नाव सांगा" म्हटलं, की एकेक बाई गप्प! प्रणालीनं फोन बदलला, माइक तपासला.

"जनामावशी, बोलत काहून नाही वं?"

जनाबाईनं पदर तोंडाशी धरला. "नवऱ्याचं नाव असंच कसं घेऊ, पोरी?"

मग लाजत लाजत बोलली.



ॲपमध्ये पहिल्या विणकरणीचं पूर्ण नाव नोंदलं गेलं: "कन्हानच्या काठी वाळते सूत, शालिकरामजीचं नाव घेते, ऐकते मोबाइलातलं भूत."