माळावरची डाळिंबं

तिजोरी भरावी म्हणून सरकारनं इन्कमटॅक्सच्या सवलतींना मर्यादा घातली, आणि इंदापूरच्या रामहरी डॉक्टरांना वरकुट्याचा वडिलोपार्जित माळ आठवला. शेतीच्या उत्पन्नाला टॅक्स नाही! जिथं कुसळ उगवत नव्हतं तिथं दवाखान्याची निम्मी कमाई डाळिंबं होऊन लगडली, अर्थात कागदावर.

पुढच्याच उन्हाळ्यात इन्कमटॅक्सचे साहेब माळ बघायला आले. दगडधोंडे न्याहाळत बराच वेळ उभे राहिले.

"डॉक्टर, बाग ती हीच का?"

"व्हय साहेब," डॉक्टर दगडांकडं न बघताच म्हणाले.

साहेबांनी इकडंतिकडं बघून आवाज खाली आणला. "ती मर्यादा आम्हा नोकरदारांनाही लागलीय हो. शेजारी असंच पिकाऊ रान कुणी विकतंय का, बघा की!"