हौदावरची रीत

"जाळीपाशीच उभी राह्य. उन्हाकडं तोंड करू नको," सुरेखाबाईनं अक्षताच्या कानात पुन्हा सांगितलं. अक्षता निमूट जाळीला खेटून उभी राहिली.

मशिदीची ती दगडी जाळी म्हणजे नवलच. एकाच शिळेत कोरलेल्या वेली, वेलींना फुलं, अन् मधल्या भोकांतून आत सांडलेले कवडसे. तिथं उभ्या माणसाचं तोंड निम्मं उन्हात, निम्मं सावलीत. कुठं काय आहे ते धड दिसत नाही. सुरेखाबाईनं ही जागा उगीच हेरली नव्हती. पोरीच्या डाव्या कानाखालून हनुवटीपर्यंत कोडाचा पांढरा डाग होता. पार्लरवालीनं त्यावर क्रीमचा थर असा बेमालूम बसवला होता, की खुद्द आईलाही घटकाभर वाटलं, गेला की काय डाग! त्यात वरून ही जाळी.

घरी बघण्याचा कार्यक्रम केला की साऱ्या हसनाबादेत बोभाटा होतो, जमलं नाही तर पोरीचंच नाव खराब होतं, असं सांगून तिनं पाहुण्यांना इथं जालन्याला बोलावलं होतं. नवरा मुलगा मिथुन घनसावंगीकडं शाळेत इतिहास शिकवायचा, त्याला जुन्या बांधकामांचा नाद. तो खूश झाला. त्याची आई उषाबाई मात्र नुसतं "बरं" म्हणाली.

अक्षताच्या मनात वेगळंच होतं. आईला चोरून तिनं मिथुनला फोनवर कधीच सगळं सांगून टाकलं होतं. डागासकट फोटोही पाठवला होता. मला काही फरक पडत नाही, आईचं मी बघून घेतो, असं तो म्हणाला होता. तेवढ्या बोलण्यावर ही बया महिनाभर हवेत चालत होती. त्यामुळं आईची आजची धडपड बघून तिला आतल्या आत हसूच येत होतं.

मिथुन दगडावर बोट फिरवत दाखवत होता, हे कमळ, ही साखळीतली घंटा. अक्षता ऐकत होती की नुसतं त्याचं बोट बघत होती, तिचं तिलाच ठाऊक. मागं धाकटी बहीण मोनाली सगळ्यांच्या पिशव्या सांभाळत उभी. उषाबाईनं नक्षीकडं ढुंकूनही पाहिलं नव्हतं. ती मान जरा इकडं, जरा तिकडं करून अक्षताला बघत होती, दुकानात लुगड्याचा पोत बघतात तसं.

मग अगदी गोड आवाजात म्हणाली, "चला, हौदावर तोंड-हात धुऊन घेऊ. ज्याच्या घरी जावं त्याची रीत पाळावी."

सुरेखाबाई चटकन दोघींच्या मधे आली. तेवढ्यात देखभाल करणारा म्हातारा दारातून म्हणाला, "नमाज नहीं पढना तो जरूरत नहीं, बाई. सर पे पल्लू लिया, बस हुआ."

"ऱ्हाऊ द्या चाचा. रीत ती रीत," म्हणत उषाबाई हौदाच्या काठावर जाऊन बसलीदेखील. स्वतःचं तोंड तिनं खळखळून धुतलं, अन् शेजारच्या जागेवर हात थोपटला.

अक्षतानं मिथुनकडं पाहिलं. आता बोलेल. त्यानं मनगटावरचं घड्याळ काढून खिशात ठेवलं अन् पाय धुवायला घेतले.

तिनं चार थेंब गालाला लावले. उषाबाईनं पर्समधून पांढराशुभ्र नॅपकिन काढला. कानापाशी राहिलंय गं, म्हणत तिची हनुवटी धरली अन् पुसायला लागली. रागानं नाही काही. ताट पुसावं तशी, शांतपणे, काठाकाठानं. नॅपकिन गव्हाळ होत गेला अन् गाल पांढरा.

उषाबाईनं नॅपकिनची घडी घातली, मळका भाग वर राहील अशी, अन् ती सुरेखाबाईच्या हातात दिली. मग लेकाला विचारलं, "तुला माहीत होतं का रे हे?"

अक्षताचा सगळा जीव डोळ्यांत गोळा झाला.

"न्हाई," मिथुन म्हणाला.

फोन मोनालीकडच्या पिशवीत होता. फोटो त्यात होता, त्याचं बोलणंही होतं. अक्षतानं हात पुढं केला नाही. ज्याच्या भरवशावर दाखवायचा, तोच न्हाई म्हटल्यावर आता कुणाला दाखवायचा?

उषाबाई उठली, पदर झटकला. निघते असं वाटलं, तर तिची नजर पिशव्यांमागं लपलेल्या मोनालीवर जाऊन थांबली.

"अन् ही धाकटी? हिचं बघून राह्यलात का कुठं?"

सुरेखाबाईनं अक्षताकडं पाहिलं. एकदाच. मग मोनालीच्या हातातल्या पिशव्या काढून तिनं अक्षताच्या हातात दिल्या.

"ये गं मोना. तू बी धू तोंड."

मिथुननं बाजूला सरकून जागा करून दिली. मोनालीनं रडवेली होऊन ताईकडं पाहिलं, आईकडं पाहिलं, अन् ओंजळ भरली. अक्षताच्या हनुवटीवरून अजून पाणी गळत होतं. दोन्ही हात पिशव्यांत गुंतलेले, पुसणार कशानं? सुरेखाबाईनं आपल्या पदरानं धाकटीचे दोन्ही गाल टिपले, कपाळावरची बट मागं सारली, अन् तिच्या खांद्याला धरून तिला जाळीपासून लांब, अंगणाच्या मधोमध आणलं.

"हं. आता अशी उन्हाकडं कर तोंड."