सतरा नंबरची बाटली

सतरा नंबरच्या बाटलीवरचं लेबल कंपाउंडरने ओल्या बोळ्याने भिजवलं आणि नखाने अलगद सोडवलं. मग तेवीस नंबरचं सोडवलं. ह्याचं त्याला, त्याचं ह्याला. गोंदाचं बोट फिरवून अंगठ्याने दाबलं आणि दोन्ही बाटल्या पुन्हा रांगेत ठेवून दिल्या. बत्तीस वर्षांच्या नोकरीतली ही त्याची पहिली लबाडी. तिला चार मिनिटंही लागली नाहीत.

सतरा नंबर म्हणजे त्याची बायको.

दवाखान्यात संधिवातावर संशोधन चाललं होतं. चाळीस रोगी, प्रत्येकाला नव्वद गोळ्यांची एक बाटली, रोज सकाळी एक गोळी. वीस बाटल्यांत नवं औषध, वीस बाटल्यांत नुसता खडू. रंग, आकार, चव, सगळं सारखं. हे रोग्यांना आधीच सांगून त्यांच्या सह्या घेतल्या होत्या. औषध किती काम करतं आणि माणसाचं मन किती, हे डॉक्टरीणबाईंना मोजायचं होतं. कुणाच्या वाट्याला काय आलंय ते रोग्यांना ठाऊक नव्हतं आणि डॉक्टरीणबाईंनाही नव्हतं. यादी एकट्या कंपाउंडरच्या कपाटात होती. त्यात माझी बायकोही आहे, असं त्याने आपण होऊन सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, तुमच्यावर विश्वास नाही ठेवायचा तर कुणावर ठेवायचा?

चिठ्ठ्या टाकल्या आणि बायकोच्या नशिबी खडू आला.

ती शिवणकाम करायची. तिच्या हातची काजं इतकी सुबक, की मोठमोठे शिंपी कोट तिच्याकडे पाठवत. दोन वर्षांपासून बोटं आखडली होती. सुई राहिली बाजूला, सकाळी कपाचा कान धरवत नव्हता. तक्रार करणं तिच्या स्वभावात नव्हतं. दोन्ही तळव्यांत कप धरून, थंडी वाजत असल्यासारखा चहा प्यायची.

तेवीस नंबर ही पोस्टातली कारकून. बोटं तिचीही तशीच, पण तिला चिठ्ठीत औषध निघालं होतं. नर्सने बाटल्या वाटल्या तेव्हा दोघी नेमक्या एकाच बाकावर बसून गप्पा मारत होत्या. कंपाउंडर खिडकीपासून मागे सरकला.

दुसऱ्या दिवसापासून त्याने घरी पहारा बसवला. एवढं पाप करून मिळवलेलं औषध वाया जाता कामा नये. एरवी उभ्या उभ्या चहा ढोसून पळणारा माणूस आता सात वाजता बायकोसमोर बसू लागला. गोळी तिच्या हातावर ठेवायची, ती गिळेपर्यंत हलायचं नाही, मग कोमट पाण्यात तिचं एकेक बोट चोळायचं. नुसतं चोळत काय बसणार, म्हणून बोलणं सुरू झालं. बत्तीस वर्षांचं तुंबलेलं बोलणं ते, दवाखान्याची वेळ व्हायची तरी संपायचं नाही. दुसऱ्या महिन्यात तो घाईघाईने झाकण उघडायला लागला की ती म्हणायची, गोळी कुठे पळून चालली नाही, आधी बसा.

अकराव्या आठवड्यात तिने कप कानाला धरून उचलला. कंपाउंडर मोरीत जाऊन तोंड धुऊन आला. त्या दिवसापासून तो जाता-येता बाटलीला हात जोडायला लागला. बाई, तुझे उपकार सात जन्म फिटायचे नाहीत, असं तो बाटलीला खरोखर म्हणायचा आणि बायको पदर तोंडाला लावून हसायची.

सगळं छान होतं, पण चोराच्या मनात चांदणं. त्यात एक दिवस पोस्टातली बाई औषधाच्या खिडकीशी आली. आता शिक्के मारताना दात आवळावे लागत नाहीत, असं सांगून म्हणाली, "तुमच्या हाताला गुण आहे हो, कंपाउंडर."

तो खाली मान घालून पुड्या बांधत राहिला. हिला खडूने एवढा आराम पडला, तर हिच्या हक्काच्या औषधाने किती पडला असता, हे त्याच्या मनातून जाईना.

नव्वदावा दिवस उजाडला. उद्या यादी द्या, लिहायला बसते, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. यादीत दोन ओळी खोट्या होत्या. ती तशीच दिली तर त्यांच्या एवढ्या वर्षांच्या कामात खोटं मिसळणार होतं. उद्या सगळं कबूल करायचं त्याने ठरवलं. पण आधी घरी.

संध्याकाळी बायको एका कोटाला काज करत बसली होती. त्याने चपलाही काढल्या नाहीत.

"तुझ्या बाटलीत खडू होता. मी लेबलं बदलली. त्या पोस्टातल्या बाईच्या वाटचं औषध तुला दिलं. उद्या डॉक्टरीणबाईंना सांगणार आहे. नोकरी गेली तर गेली."

तिने काज पुरं केलं आणि दोरा दाताने तोडला.

"कधी सांगताय, याचीच वाट बघत होते."

"म्हणजे तुला ठाऊक होतं?"

"अहो, माझ्या बाटलीचा गोंद बोटांना चिकटला. शेजारी तीही आपली बोटं पुसत होती. आणि तुम्ही खिडकीपासून असे पळालात, की आंधळ्यालाही कळलं असतं."

कंपाउंडर तिच्यासमोर खाली बसला. तिने कोट बाजूला ठेवला, त्याचा हात आपल्या हातात घेतला आणि त्याची बोटं चोळू लागली.

"यादी आहे तशी देऊन टाका. त्यात खोटं काही नाही."

"अगं, पण त्या बाईचं—"

"ती बाटली मिळाल्याची सही करायला आत गेली, तेव्हा पिशवी माझ्यापाशी ठेवून गेली होती. बोटं धड चालत नव्हती, वेळ लागला. पण गोंद वाळायच्या आत मी दोन्ही लेबलं होती तशी लावली, तिचं औषध तिच्या पिशवीत घातलं आणि माझा खडू घेऊन घरी आले."